गोणपाटाखालची जागा

बुधवार, पॉनच्या बाजाराचा दिवस, रेजेब महिना
शाळेतली छावणी

चि. वुरी हिस,
आजीचे अ. उ. आ. तिकडे बेटावर तू खुशाल असशील असं धरून चालते. इकडची खुशाली सगळं वाचून तूच ठरव.

आधी एवढं सांगते की मी जिवंत आहे, घर उभं आहे आणि माझ्या अंगावर एक फोडसुद्धा नाही. हे वाचून लगेच देवाचे आभार मानू नकोस. पुढे वाच.

डोंगरावरच्या आजोबांनी यंदा पुन्हा काम काढलं, डोंगर आग ओकायला लागला. जळत्या राखेची ती झिपरी मेंढरं रोज उतरायला लागली, पण नदीच्या घळीतून, त्यांच्या नेहमीच्या वाटेने. तरी पहाऱ्यावाल्यांनी सगळ्या वाडीला ट्रकात भरलं आणि खाली शाळेत आणून टाकलं. गेल्या दोन्ही वेळच्यासारखंच. मी तिसरीच्या वर्गात झोपते. फळ्यावर पाढे आहेत, ते आता मला पाठ झालेत, म्हणजे शिकायचं राहिलं होतं तेही झालं.

छावणीत भाताचं काम रुबियेमकडे दिलं. आपल्या खालच्या अंगाला ज्यांचा गोठा आहे त्या जारवादीची बायको, तीच. आता तुला माहीत आहे, आपल्या वाडीत लग्न असो की मयत, वाफेवरचा भात कोण करतं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. म्हातारी दमेल म्हणाले. मी पहिला घास घेतला आणि सगळ्या बायकांसमोर म्हटलं की हा भात नाही, भिंतीवर कागद डकवायची खळ आहे. बायका हसल्या. त्या हसल्या म्हणून मी आणखी बोलले. रुबियेम मान खाली घालून म्हणाली की भांडं पातळ आहे आणि लाकडं ओली आहेत. मी म्हटलं, थांब, माझा तांब्याचा हंडा आणि बांबूची टोपली आणते, मग भात म्हणजे काय ते तुला दाखवते. तिचा नवरासुद्धा हसत होता तेव्हा. दाराशी उभा होता, तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन.

बोलून बसले, मग करणं आलं. सगळ्यांनी ऐकलं होतं ना. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी गवतकाप्यांच्या वाटेने वर गेले. रस्त्यावर आडवा बांबू टाकला होता आणि त्या दिवशी तिथे पहारा जारवादीचाच होता. त्याला चुकवून गेले. पण हिरव्या मिरच्यांच्या शेतातून माझं डोक्याचं फडकं त्याला दिसलं, आणि तो मागे पळत आला. मी हंडा काढून अंगणात आले तेव्हा तो गोठ्यापाशी पोचला होता. तिथूनच ओरडला की ए म्हातारे, उतर खाली, नाहीतर तुझ्याच हंड्यात तुला शिजवतो. मी म्हटलं, आधी लाकडं सुकी आण.

तेवढ्यात भोंगा झाला. मेंढरं नदीतूनच गेली, गं. मोठा करडा लोट खाली घळीत निघून गेला, आणि मी वर मान करून त्याच्याकडे बघत राहिले. सगळे तेच करतात. पण त्याच्या पायातून दुसरं काहीतरी काठावर चढलं. भाताची पेज उतू जाते आणि चुलीच्या कडेने सरपटत येते ना, तसं. जमिनीला चिकटून, गवताला घासत, आवाज न करता. पळायला वेळ नव्हता. जारवादीने हौदातून भिजलेलं गोणपाट ओढलं, मला गोठ्याच्या दगडी भिंतीआड कोपऱ्यात बसवलं आणि म्हणाला, हंडा टाक. मी टाकला नाही. तो पुन्हा म्हणाला. मी हंडा पोटाशी धरून बसले. मग तो माझ्याशेजारी शिरला आणि गोणपाट आमच्या डोक्यावरून खाली ओढून धरलं. वारा असा होता की कोणी धरलं नसतं तर ते उडून गेलं असतं. आत त्याचं डोकं मावलं, खांदे मावले, गुडघे मावले. हात मावले नाहीत. कडा धरलेले हात बाहेर राहिले.

फार वेळ नाही लागला. गोणपाट बाजूला केलं तेव्हा मिरचीची रोपं उभीच्या उभी शिजलेली होती. त्याच्या हातांबद्दल लिहीत नाही.

तो मोठ्या दवाखान्यात आहे. गाडीत चढवताना त्याने मला विचारलं की आजी, हंडा आणलात ना. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होता.

आता छावणीत भात माझ्या हंड्यात शिजतो. सगळे म्हणतात की आता कसा मोकळा झाला. मी पाण्याबरोबर दोन घास ढकलते.

फार मागत नाही, पण नातीने आजीवर जेवढी माया ठेवायची तेवढी ठेव. यापुढे कदाचित थोडी ओढाताण होईल.

तुझी आजी,
कासिनेम

*

बाताम, १९ डिसेंबर

ती. आजीस,
वुरीचा सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. आधी मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. माझ्या खोलीतल्या मुली विचारत होत्या की घरी कोण गेलं. मी म्हटलं, कोणी गेलं नाही.

आजी, मी तुझ्यावर रागावणार होते. दोन पानं लिहिली आणि फाडली. तू स्वतःला आधीच इतकं बोलली आहेस की मला जागाच ठेवली नाहीस. तेवढं एक माझ्यासाठी ठेवायचं होतं.

जारवादी काका आता कसे आहेत ते कळव. त्यांना भेटायला गेलीस का? गेलीस तर नर्सबाईंना चादर कशी अंथरायची ते शिकवू नकोस, आणि तिथल्या पेजेला नावं ठेवू नकोस. नुसती बस. तुला नुसतं बसता येतं की नाही मला माहीत नाही, मी कधी पाहिलं नाही.

एक विचारते. त्यांना तू काही म्हणालीस का? म्हणजे माफीचं. ईदला सगळे म्हणतात ते नव्हे, तुझं स्वतःचं. जन्मभर तुझी जीभ कोणासाठी अडली नाही. शाळेच्या हेडमास्तरांना तू शिवी दिली होतीस, माझ्यासमोर. मग आता कुठे गेली ती?

इथे काम तेच आहे. दिवसभर इवल्या इवल्या तारा चिमट्याने जोडायच्या. करार वर्षाचा आहे, म्हणून यंदा ईदला सुट्टी नाही, हे तुला आधी लिहिलंच आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. आणि हंड्यातला भात खा. भाताने काही केलेलं नाही.

रागावून का होईना, पण तुझीच,
वुरी

*

शुक्रवार, क्लिवोनचा बाजार, रुवाह महिना
जुरांगसारी, आपलं घर

चि. वुरी हिस,
अ. उ. आ. डोंगरावरचे आजोबा निजले, म्हणून आम्हाला घरी सोडलं. छपरावरची राख खाली काढली. कोंबड्या गेल्या. बाकी घर तसंच आहे. ते तसंच आहे याचीसुद्धा मला लाज वाटते.

दवाखान्यात गेले होते. नुसती बसले. चादर तिरकी होती, काही बोलले नाही. पेज चाखली नाही. आता तो घरी आला आहे. तुला सगळं हवं असतं म्हणून लिहिते. उजव्या हाताची बोटं डॉक्टरांनी सोडवली, डाव्या हाताची दोन चिकटली ती तशीच राहणार. अंगठे वळत नाहीत. धार काढायला अंगठाच लागतो, हे मला आधी ठाऊक नव्हतं. सड अंगठ्याने दाबून धरायचा आणि मग बोटं एकामागून एक मिटायची. हे मला रुबियेमची थोरली पोर सांगत होती, माझ्यासमोर हवेत बोटं मिटून दाखवत होती. मी बघत होते.

आता सगळ्या गाई रुबियेम एकटी पिळते, किटल्या तीच रस्त्यावर नेते, गवतालाही तीच जाते. एका सकाळी मी गेले आणि म्हटलं की मी पिळते. काळ्या गाईने मला बादलीसकट उडवलं. रुबियेमने मला उठवलं, माझ्या अंगावरचं शेण पुसलं आणि म्हणाली, राहू द्या आजी, आपण कशाला त्रास घेता. आणि संध्याकाळी पोरीबरोबर सोयाबीनचे तळलेले तेंपे पाठवले. रोज पाठवते. गरम असतात. त्या केळीच्या पानाकडे बघत मी बसून राहते. तिने ते माझ्या अंगावर फेकून मारले असते तर मी चवीने खाल्ले असते.

तू विचारतेस, जीभ कुठे गेली. ऐक. गेल्या साली म्हातारा क्रोमो गेला, म्हणजे वाडीत सगळ्यात जुनी आता मीच. ईदला माझी खुर्ची ओसरीवर मांडतील आणि सगळी वाडी ओळीने येऊन माझ्यापुढे गुडघे टेकेल. जारवादीही टेकेल. तो टेकल्याशिवाय राहणार नाही, तसलाच आहे. माझा हात त्याच्या दोन हातांत घेऊन म्हणेल की आजी, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. त्याने म्हणायचं, मी खुर्चीत बसून ऐकायचं. सांग, हे कोणत्या तोंडाने ऐकू?

तू म्हणशील, मग तूच जा आणि टेक गुडघे. तेही करता येत नाही. थोरल्याने धाकट्यापुढे वाकलं तर ते धाकट्याला बाधतं. त्याचे हात खाल्ले, आता आयुष्यही खाऊ का? त्याच्या आईला कळलं असतं तर ती कबरीतून उठून आली असती.

म्हणून मी एक केलं. परवा कबरी झाडायचा दिवस होता, वाडीचं जेवण होतं. बायका मला हाताला धरून भाताच्या चुलाणापाशी न्यायला आल्या. मी गेले नाही. मागे पाणवठ्यावर जाऊन उष्टी भांडी घासायला बसले, जिथे नव्या सुना बसतात तिथे. दिवसभर घासली. माझ्यापुढे गुडघे टेकणाऱ्यांची खरकटी ताटं मी काढली, हे तरी बाधणार नाही कोणाला. सगळे बघून गेले. भात दुसऱ्याच कोणी केला.

आणि हंडा रुबियेमच्या मागच्या दाराशी ठेवून आले. सांगितलं नाही, नुसता ठेवला. घरात तो डोळ्यांपुढे नको.

तुझ्या मायेत कुठे चीर गेली असेल तर ती माझ्याच वजनाने गेली, असं समज आणि सांभाळून घे.

आजी

*

जुरांगसारी, ३० जानेवारी

चि. वुरी हिला,
रुबियेम काकूचे आशीर्वाद. माझं पत्र बघून दचकू नकोस. तुझी आजी बरी आहे. तिच्याबद्दलच लिहायचं आहे, आणि ते तिला सांगता येत नाही म्हणून तुला लिहिते आहे.

तू तिला भांडी घासणं थांबवायला सांग. कबरीच्या जेवणाला ती पाणवठ्यावर बसली. तेव्हापासून जिथे जेवण असेल तिथे जाऊन बसते. परवा पाटलांच्या नातवाचं बारसं होतं, तिथेही. अख्खी वाडी हळहळते. म्हणतात, बघा, एवढी थोरली बाई, केवढा तिचा मोठेपणा. आणि मग माझ्याकडे बघतात. मी काही म्हटलं तर मी वाईट. मी काही म्हटलं नाही तरी मीच वाईट, कारण एवढ्या म्हातारीला उष्ट्यात बसू देते. तिने ताटं घासायची आणि डाग माझ्यावर. हे तिला कळत नाही, की कळून करते, मला माहीत नाही. तिच्याबद्दल असं काही सांगता येत नाही, तुला माहीतच आहे.

आणि तो हंडा. सकाळी किटली घेऊन बाहेर पडले तर दाराशी हंडा. माझे यजमान तो बघून हसले, म्हणाले, आला का पाहुणा. त्यांना हसू येतं, वुरी. त्यांना कशाचाच राग येत नाही. पेला हातातून पडतो, तरी हसतात. शर्टाची बटणं मी लावते तेव्हा पोरींना म्हणतात की मी आता साहेब झालो. मी हसत नाही. मी दार लावून घेते आणि गाईपाशी जाऊन बसते.

तुझ्या आजीला वाटतं, माझे यजमान काय म्हणतील. त्यांनी तर गोणपाटाखालीच सगळं सोडून दिलं असेल, ते तसलेच आहेत. सोडलेलं नाही ते मी. हे कोणी मला विचारत नाही. ईदला सगळे त्यांचं कौतुक करतील आणि मी त्यांच्या मागे उभी राहून गुडघे टेकायचे, आणि म्हणायचं की आजी, माझं चुकलं असेल तर पोटात घाला. माझं काय चुकलं? भात चिकट झाला, एवढंच.

मी तिच्याशी नीट बोलते, रोज काहीतरी पाठवते, कारण माझ्या सासूने मला तसंच शिकवलं. आणि दुसरं असं की मी एकदा सुरू झाले तर थांबणार नाही. थोरल्या माणसाला बोलायचं नसतं. म्हणून तेंपे पाठवते.

हे पत्र वाचून झालं की जाळ. तू लांब आहेस आणि शहाणी आहेस, म्हणून लिहिलं. तुझ्या मनात माझ्याबद्दल जे होतं ते याने बदलू देऊ नकोस.

रुबियेम काकू

*

सोमवार, वागेचा बाजार, उपासाचा महिना

चि. वुरी हिस,
अ. उ. आ. उपास चालू आहेत. माझे जरा जास्तच चालू आहेत, सूर्य मावळल्यावरसुद्धा.

थोडक्यात विचारते. योग्याकार्तापासून तुमच्या बेटापर्यंत बोट जाते का? ईदच्या आदल्या दिवशी मी निघाले तर त्या दिवशी मी इथे नसेन. खुर्ची रिकामी राहील. लोक म्हणतील, नातीकडे गेली. हे कोणाला बाधायचं नाही. मी तुझ्या खोलीत कोपऱ्यात बसेन, तुझ्या मैत्रिणींचा भात करेन. लवकर कळव, म्हणजे पेटीला कुलूप बघते.

जागा लहान असली तरी मला मावून घे.

आजी

*

बाताम, १२ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि. बोट जाते, योग्याकार्ताहून नाही, लांबच्या बंदरातून. पण तू योग्याकार्ताच्या बसमध्ये दोन वळणांवर ओकतेस, समुद्राचं नाव काढू नकोस. आणि आमच्या खोलीत आठ मुली आहेत, त्यातल्या दोघी सिंगापूरला म्हाताऱ्या सांभाळायला जायचा विचार करत आहेत, त्यांना तुझ्या तोंडाची धास्ती बसायची.

खरं सांगते. तू ये, असं मला फार वाटलं. रात्रभर तुझ्या हातचा भात डोळ्यांसमोर होता. पण येऊ नकोस. खुर्ची मांडतील तिथे बस. तुला लाज वाटेल, वाटू दे. इथे येऊन बसलीस तर तीच लाज तुला इथेही वाटेल, वर समुद्राने पोट ढवळेल.

आणि भांडी घासणं बंद कर. का ते विचारू नकोस. मी सांगते म्हणून बंद कर. तू तिथे बसलीस की लोक तुझं कौतुक करतात, हे तुझ्या लक्षात आलं नसेल तर आता येऊ दे.

दुरून, पण जवळची,
वुरी

*

बाताम, १२ फेब्रुवारी

सौ. रुबियेम काकूस,
वुरीचा सा. न. वि. वि. पत्र वाचून जाळलं. जाळण्याआधी दोनदा वाचलं.

काकू, तुम्ही तिला बोला. तुम्हाला बोलायचं आहे ते सगळं. थोरल्या माणसाला बोलू नये, हे मला मान्य आहे, पण या घरात आता ती आणि मी दोघीच आहोत. मी तिच्या रक्ताची, मी तुम्हाला मोकळीक देते. ईदच्या दिवशी बोला, नाहीतर नंतर. थांबता आलं नाही तर थांबू नका.

तिला बरं वाटावं म्हणून हे सांगत नाही. तिला बरं वाटलं तर वाटो, तो तिचा फायदा. तुम्ही गाईपाशी एकट्या बसू नये, म्हणून सांगते.

काकांच्या हातांना माझा नमस्कार सांगा. माझ्याकडे एकच आजी आहे आणि ती तुमच्यामुळे आहे, हे मी विसरले नाही. हेही त्यांना सांगा, पण हसू नका म्हणावं.

तुमची,
वुरी

*

गुरुवार, लेगीचा बाजार, सावल महिना

चि. वुरी हिस,
अ. उ. आ. ईद झाली. लिहायला उशीर झाला कारण हात दुखतो, आणि का दुखतो ते पुढे येईल.

खुर्ची मांडली. मी बसले. तू सांगितलंस म्हणून नव्हे, पळायला जागा नव्हती म्हणून. नमाजाहून सगळे परत आले आणि माझ्या ओसरीपासून रस्त्यापर्यंत रांग लागली. पुढे पोरंटोरं, मग मोठी माणसं. मी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते आणि ठरलेलं बोलत होते, की माझंही म्हातारीचं चुकलं असेल, आपण एकमेकांचं सगळं धुऊन टाकू. माझी मिरची चोरणाऱ्या सारमोलाही तेच म्हटलं. एकाच मापाची कापडं सगळ्यांना.

मग जारवादी आला. नवा शर्ट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. गुडघे टेकले. हात जोडता येत नाहीत, म्हणून ते माझ्या मांडीवर ठेवले, शेजारी शेजारी, लाकडाच्या पळ्या ठेवाव्या तसे. त्या दिवशीच्या धगीने घोगऱ्या झालेल्या आवाजात म्हणाला की आजी, माझं चुकलं असेल तर पोटात घाला. आता मी ठरलेलं बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. दुसरंच आलं. मी म्हटलं, गोणपाटाखाली तुझ्या हातांना जागा होती, तिथे मी हंडा धरून बसले होते. बारीक आवाजात बोलायला मला येत नाही, तुला ठाऊक आहे. रांगेत सगळ्यांनी ऐकलं.

तो म्हणाला, ठाऊक आहे आजी, मी तिथेच होतो.

एवढंच म्हणाला. मग मागची रांग बघून उठायला लागला, आणि उठताना हातांवर भार देता येईना, म्हणून मी त्याला काखेतून धरून उठवला. तो निघून गेला. त्याच्यामागे रुबियेम असायला हवी होती. नव्हती. रांगेतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मला वाटलं, बरं झालं. आणि लगेच वाटलं, बरं कसलं झालं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती आली. अंगणात चार बायका बसल्या होत्या, ईदचा उरलेला फराळ खात. रुबियेम हंडा घेऊन आली, तो अंगणाच्या मध्ये आपटला आणि सुरू झाली. आधी आवाज चढला नव्हता. म्हणाली, हा तुमचा हंडा. तुम्ही माझ्या भाताला हसलात, सगळ्यांना हसवलंत, माझ्या नवऱ्याला हसवलंत. मग आवाज चढला. बायका उठून तिला आवरायला गेल्या, म्हणाल्या, अगं थोरल्या आहेत त्या. मी त्यांना म्हटलं, गप्प बसा, तिला बोलू द्या. त्याच्याने ती आणखी भडकली, म्हणाली, तुमच्या परवानगीने बोलत नाही मी. म्हणून मीही गप्प बसले.

वुरी, मला आजपर्यंत कोणी असं बोललं नाही. माझ्या सासूनेसुद्धा नाही. म्हणाली, तुम्हाला हंडा हवा होता, तुम्हाला मिळाला. मला रोज सकाळी नवऱ्याचं तोंड धुवावं लागतं. पोरींना शाळा सोडून गवताला यावं लागतं. तो झोपेत बोटं मिटायला बघतो, गाय पिळल्यासारखी, आणि ती मिटत नाहीत, आणि मी जागी राहून ते बघते. आणि तुम्ही काय करता? भांडी घासता. लोकांना दाखवता की बघा मी किती लाजले. तुमची लाजसुद्धा तुम्ही माझ्या दारात आणून टाकलीत. मी ती का उचलू? यंदा मी तुमच्यापुढे गुडघे टेकणार नाही. पुढच्या वर्षीही टेकणार नाही. कधी टेकेन ते मला माहीत नाही.

मी म्हटलं, टेकू नकोस.

ती म्हणाली, तेही तुम्ही सांगू नका.

दुपारच्या नमाजाची बांग झाली तेव्हा ती थांबली. घसा बसला होता. कोणीतरी पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. फाटकापर्यंत गेली, आणि तिथून पाठमोरीच म्हणाली की काळी गाय अजून माझ्यापाशी धारेला उभी राहत नाही. हे तिच्या डोक्याशी उभे राहून गुणगुणायचे, तेव्हा ती राहायची. आता घशातून सूर निघत नाही त्यांच्या. उद्या सकाळी येऊन शेपटी धरा. बोलायचं नाही.

तर मी जाते. रोज जाते. शेपटी हाताला गुंडाळून धरावी लागते, म्हणून मनगट दुखतं. गाय लाथ मारते ती मलाच मारते, आणि तिने मारली की रुबियेमच्या तोंडावर जरासं काहीतरी उमटतं. बादलीत बघते आणि लपवते. जारवादी दाराशी उभा राहून आम्हाला सूचना देतो आणि त्या दोघींपैकी कोणी ऐकत नाही, म्हणजे बायको आणि गाय. मी ऐकते, पण मला बोलायचं नाही.

बोलत नाही मी. खरंच बोलत नाही. परवा तिने किटलीचं झाकण चुकीचं लावलं, दूध रस्त्यावर सांडणार होतं. माझी जीभ दातांत धरलेली होती. सांडलं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, एवढं तरी सांगायचं होतं.

तेंपे पाठवणं तिने बंद केलं. मी घरी भात करते, साध्या पातेल्यात. बेताचाच होतो. परवापासून पोटभर जेवायला लागले आहे.

लाज कमी झाली का असं विचारशील. नाही झाली. त्याचे हात आहेत तसेच आहेत, मग ती कशी होईल. पण आता सकाळी उठून ती घेऊन कुठे जायचं ते ठरलेलं असतं.

हंडा अजून अंगणात आहे, तिने ठेवला तिथेच. पावसाने अर्धा भरला आहे. आत घ्यायचा की नाही ते मी ठरवणार नाही. पुढच्या महिन्यात जारवादीच्या भाचीचं लग्न आहे, तिथे भात कोण करतं हेही मी विचारलेलं नाही.

आता थांबते, गाय वाट बघत नाही आणि रुबियेम तर नाहीच. तू होतीस तेवढीच माझी राहा, याहून जास्त मागायला सध्या माझ्याकडे तोंड नाही.

तुझी आजी,
कासिनेम